गोष्टीचं रिटर्न तिकीट

आज सुरुवातीलाच एक कबुली देते. वहीत लाल पेनने शेरे मारणं हे आम्हा शिक्षकांचं रोजचं काम. 'छान', 'अक्षर सुधारा', 'पालकांची सही आणणे' हे शेरे हात आपोआप लिहीत जातो. डोकं तेव्हा कुठे असतं कोण जाणे! अशाच एका शेऱ्याने माझी चांगली फजिती केली. त्याची ही हकिगत.

झालं असं, की एका शनिवारी शेवटच्या तासाला आमच्या चौथीच्या वर्गात सिनेमाचा विषय निघाला. मग काय विचारता! "बाई, त्याचा पार्ट टू येणार आहे!" "बाई, माझ्या दादाने पार्ट थ्री पण बघितला!" "बाई, पार्ट टू बोअर आहे, पार्ट वनच भारी!" शेवटी मीच टेबलावर डस्टर आपटला आणि म्हटलं, "एवढी हौस आहे ना? मग तुम्हीच लिहा. आवडत्या कुठल्याही गोष्टीचा पुढचा भाग पानभर लिहून आणा."

सोमवारी वह्यांचा गठ्ठा आला. अर्ध्या वर्गाने ससा-कासवाची दुसरी शर्यत लावली होती आणि ती सशाला जिंकून दिली होती. (एका कासवाने मात्र स्केटिंगचे बूट घातले होते!) एकीच्या लाकूडतोड्याने सोन्याची कुऱ्हाड विकून वन रूम किचन घेतलं होतं. मी हसत हसत शेरे देत होते. मग एक वही आली. तिची सुरुवातच अशी होती : 'छत्री नेरळला उतरली.'

कोणाची छत्री? नेरळला का? पुढे वाचलं, तर सगळं पान छत्रीचंच. मला काही या गोष्टीचा पहिला भाग आठवेना. पुस्तकात नाही, कुठे ऐकलेली नाही. घड्याळात बघितलं, अजून वीस वह्या बाकी. लाल पेन उचललं आणि लिहून टाकलं : 'विषय सोडून लिहिले आहे. ही कुठली गोष्ट?'

त्या छत्रीचं पुढे काय झालं, ते शेवटी सांगते. (पाहिलंत? पुढचा भाग राखून ठेवायला मीही शिकले!) पण त्याआधी या 'पुढच्या भागा'चीच जरा चौकशी करू या.

सिनेमावाले ज्याला सिक्वेल म्हणतात, त्याला मराठीत 'उत्तरकथा' म्हणता येईल, आणि प्रीक्वेल म्हणजे 'पूर्वकथा'. आधी घडलेलं ते पूर्व, नंतर घडलेलं ते उत्तर. पण 'उत्तर' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, तो तुम्हाला परीक्षेमुळे पक्का माहीत आहे. प्रश्नाचं उत्तर! माझ्या मते खरी उत्तरकथा दोन्ही अर्थांनी उत्तर असते. पहिल्या गोष्टीत काहीतरी प्रश्न शिल्लक राहिलेला असतो, त्याचं उत्तर ती देते. प्रश्नच नसेल, तर पुढचा भाग म्हणजे नुसतं तेच ते, फक्त मारामारी जास्त आणि आवाज मोठा.

आपण डोंबिवली-कल्याण-ठाण्याची माणसं. आपल्याला हे तिकिटाच्या भाषेत लगेच कळेल. खिडकीवर आपण 'एक ठाणा रिटर्न' मागतो. म्हणजे संध्याकाळी परत त्याच स्टेशनवर उतरायचं. पण सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी तस्साच परत येतो का? दिवसभरात त्याने काही पाहिलेलं असतं, काही कमावलेलं, कधी काही हरवलेलंही असतं. चांगली उत्तरकथा अशीच. स्टेशन ओळखीचं, पण उतरणारा माणूस थोडा बदललेला.

आता तिकिटाचा विषय निघालाच आहे, तर आपल्या गावाची एक गंमत ऐका. २००५ मध्ये निशिकांत कामत यांचा 'डोंबिवली फास्ट' नावाचा सिनेमा आला. रोज लोकलने कामावर जाणाऱ्या एका सरळमार्गी माणसाचा तो सिनेमा. नायक संदीप कुलकर्णी. त्याचा शेवट असा आहे, की पुढे भाग काढायला जागाच उरत नाही. मग २०१९ मध्ये 'डोंबिवली रिटर्न' आला. नायक तेच संदीप कुलकर्णी, गाडी तीच, गाव तेच! पुष्कळांना वाटलं, हा पार्ट टू. पण नाही. गोष्ट वेगळी, त्यातला माणूसही वेगळा. यावरून एक धडा घ्या. नाव सारखं दिसलं म्हणून गोष्ट पुढे जात नाही. इंडिकेटर नीट वाचल्याशिवाय गाडीत चढू नये, हे आपल्याला कोणी शिकवायला हवं का?

गोष्ट नेहमी पुढेच जाते असंही नाही. रवी जाधव यांचा 'टाइमपास' २०१४ मध्ये आला. २०१५ च्या दुसऱ्या भागात दगडू आणि प्राजक्ता एकदम मोठे झालेले दाखवले, म्हणून नटही बदलले. आणि २०२२ चा तिसरा भाग? तो दुसऱ्याच्या पुढचा नाही. पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधली वर्षं त्यात आहेत. म्हणजे आकडा तीन, पण जागा दीडची! ठाकुर्ली नाही का कल्याण आणि डोंबिवलीच्या मधे बसलेलं, तसंच.

कधी कधी पुढच्या भागाला इतका वेळ लागतो, की पहिला भाग बघणारी मुलं आईबाबा होतात. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३ चा. तात्या विंचूला कोण ओळखत नाही? 'झपाटलेला २' आला थेट २०१३ मध्ये, वीस वर्षांनी. मधल्या काळात, २००४ मध्ये, लक्ष्मीकांत बेर्डे आपल्यातून गेले होते. मग लक्ष्याशिवाय गोष्ट पुढे कशी न्यायची? नव्या सिनेमात लक्ष्याचा मुलगा आला आणि तात्या विंचू त्याच्या मागे लागला. माणसांची वयं वाढतात, माणसं जातातसुद्धा. बाहुल्याचं मात्र वय वाढत नाही. रामदास पाध्यांचा तो बाहुला वीस वर्षांनीही तसाच भीतिदायक!

तुम्हाला वाटेल, ही सगळी आजकालची खुळं. मुळीच नाही. सुमारे तेराशे वर्षांपूर्वी भवभूती नावाचा एक मोठा संस्कृत नाटककार होऊन गेला. तो विदर्भातल्या पद्मपूरचा, म्हणजे हल्लीच्या गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचा, असं मानतात. त्याने रामावर आधी 'महावीरचरित' लिहिलं. त्यात राज्याभिषेकापर्यंतची गोष्ट आहे. मग लिहिलं 'उत्तररामचरित'. नावातच 'उत्तर' आहे बघा! आणि या नाटकाची सुरुवात कशी होते ठाऊक आहे? लक्ष्मण राम-सीतेला चित्रं दाखवतो. वनवास, पंचवटी, मागे घडून गेलेलं सगळं त्या चित्रांत. टीव्हीवर मालिका सुरू होण्याआधी 'मागील भागात आपण पाहिलंत' येतं ना? तीच युक्ती, पण किती सुंदर!

या नाटकात भवभूतीने आणखी एक धाडस केलं. वाल्मीकींच्या रामायणात शेवटी सीता धरणीच्या पोटात जाते. भवभूतीच्या नाटकाच्या शेवटी राम आणि सीता पुन्हा भेटतात, लव-कुशही भेटतात. ऐकलेला शेवट त्याच्या मनाला पटला नसावा, असं मला वाटतं. 'असंच का व्हावं?' या प्रश्नाचं त्याने आपलं उत्तर लिहिलं. रामायण त्याने पुसलं नाही. ते आहे तिथेच आहे. त्याच्या शेजारी त्याने आपलं नाटक ठेवलं, आणि आज आपण दोन्ही वाचतो.

आता पुस्तकांकडे वळू. आमच्या वर्गाच्या पेटीत सगळ्यात फाटलेली पुस्तकं फास्टर फेणेची आहेत. (जास्त फाटलेलं म्हणजे जास्त वाचलेलं, हे आमचं माप!) भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे एकामागून एक पुस्तकांत सायकल दामटत राहिला, पण त्याची शाळा काही सुटली नाही. अशा पुस्तकांना उत्तरकथा न म्हणता मालिका म्हणतात. कुठलंही पुस्तक आधी वाचा, काही बिघडत नाही. उलट हॅरी पॉटर घ्या. १९९७ ते २००७ या काळात त्याची सात पुस्तकं आली. पहिल्यात तो अकरा वर्षांचा होतो, सातव्यात सतरा. दर पुस्तकाला एक इयत्ता पुढे! चौथं पुस्तक आधी वाचलंत तर गोंधळ ठरलेला.

आणि फेणे? भागवत २००१ मध्ये गेले. १९८० च्या दशकात फेणे दूरदर्शनवर येऊन गेला होता. मग २०१७ मध्ये आदित्य सरपोतदार यांनी त्याच्यावर सिनेमा काढला. त्यात फेणे शाळकरी नाही. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे, अमेय वाघ. आणि तो भेटतो कोणाला? भा. रा. भागवत नावाच्या आजोबांना! ते काम दिलीप प्रभावळकरांनी केलंय. ज्या लेखकाने फेणे घडवला, त्यालाच नव्या मंडळींनी फेणेच्या गोष्टीत नेऊन बसवलं. मला तर ही नमस्कार करण्याचीच एक पद्धत वाटली.

पण लेखकालाच आपला नायक नकोसा झाला तर? असंही झालंय. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झालं १८९३ मध्ये. त्याच वर्षी तिकडे इंग्लंडमध्ये आर्थर कॉनन डॉयल यांनी आपल्या शेरलॉक होम्सला धबधब्यात पाडून संपवून टाकलं! त्यांना दुसरं काही लिहायचं होतं. वाचक भलतेच चिडले. मग १९०१ मध्ये डॉयलनी होम्सची एक नवी कादंबरी सुरू केली, पण युक्तीने. ही घटना होम्स मरण्याआधीची आहे, असं दाखवून. झाली की नाही पूर्वकथा? त्यानेही वाचकांचं समाधान होईना, तेव्हा १९०३ मध्ये 'होम्स मुळात मेलाच नव्हता' म्हणून त्याला सरळ परत आणावं लागलं.

पूर्वकथेची एक अडचण आहे. नायक वाचणार हे आधीच माहीत असतं. मग उत्सुकता कसली? तर 'काय झालं' याची नाही, 'असं का झालं' याची. याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण म्हणजे कॅप्टन निमो. फ्रेंच लेखक जूल व्हर्न यांच्या विज्ञानकथा मराठी मुलांपर्यंत पोचवल्या त्या भागवतांनीच. १८७० च्या कादंबरीत निमो हा पाणबुडीतून फिरणारा एक गूढ, संतापी माणूस आहे. तो कुठला, जगावर का रागावलाय, काही कळत नाही. आणि १८७५ च्या 'मिस्टीरियस आयलंड'मध्ये मरताना तो आपली पूर्वकथा सांगतो. तो निघतो आपल्या बुंदेलखंडचा राजपुत्र! १८५७ च्या लढ्यात इंग्रजांशी लढलेला, घरदार गमावलेला. हे कळल्यावर पहिलं पुस्तक पुन्हा उघडलं, तर तोच संताप वेगळा दिसायला लागतो. पहिल्या पुस्तकातलं एक अक्षर बदललेलं नाही. बदललेलो असतो आपण.

हं, आता छत्री!

वह्या परत दिल्यानंतरच्या आठवड्यात पालकसभा होती. त्या मुलाची आई भेटायला थांबली. म्हणाली, "बाई, ती छत्रीची गोष्ट पुस्तकातली नाही हो. ती त्याच्या बाबांची आहे."

बाबा रोज रात्री झोपताना थोडी थोडी सांगायचे. एक छत्री लोकलच्या रॅकवर विसरून राहते. मालक डोंबिवलीला उतरून जातो, छत्री पुढे निघते. गाडी कल्याणला येते. आता इथून एक रूळ कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा कर्जतकडे. छत्रीला काही इंडिकेटर वाचता येत नाही. आपण कुठे चाललोय, हे तिला ठाऊकच नाही! इथे बाबा म्हणाले, "बाकीची उद्या." आणि नेमकी त्याच आठवड्यात बाबांची लांबच्या ऑफिसात बदली झाली. आता ते रात्री साडेदहाला घरी येतात, तोवर हा झोपलेला असतो. सकाळी हा उठायच्या आत ते गाडीला. रविवारी रेशन, दळण, बिलं आणि राहिलेली झोप. छत्री आपली तीन महिने कल्याण स्टेशनातच उभी!

म्हणून त्याने स्वतःच तिला कर्जत गाडीने नेरळला नेलं. तिथून माथेरानच्या छोट्या गाडीत बसवलं. कारण? 'माथेरानला खूप पाऊस पडतो. तिथे छत्रीला काम मिळेल.'

दोस्तांनो, त्या वेळी माझी मान खाली गेली. ज्याने वर्गात सर्वांत खरा 'पुढचा भाग' लिहिला होता, त्यालाच मी 'विषय सोडून' लिहिलं होतं. पहिला भाग मला माहीत नव्हता, तर विचारायचं होतं. मी विचारलंही, पण लाल शाईत. लाल शाईतला प्रश्न मुलांना प्रश्न वाटतच नाही, ओरडणं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी त्याची वही मागून घेतली. माझ्या शेऱ्यावर त्याच्यासमोर काट मारली आणि लिहिलं : 'पहिला भाग आता कळला. माझी चूक झाली. बाबांनी हा भाग वाचला का?'

त्याने मान हलवली. नाही.

"मग आज रात्री वही बाबांच्या डब्याच्या पिशवीत ठेव," मी म्हटलं.

चार दिवसांनी वही परत आली. पानाच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेलं होतं : 'पावसाळ्यात नेरळहून माथेरानची गाडी वर जात नाही. मग छत्री वर कशी गेली?' खाली मुलाचं उत्तर : 'भाजीवाल्या मावशीच्या टोपलीतून. चालत.' शाब्बास! पुढचा भाग लिहिताना पहिल्या भागातलं जग मोडायचं नसतं. गाडी बंद तर बंद, वाट दुसरी शोधायची.

पण खरी मौज वहीच्या मागच्या पानांवर होती. तिथे बाबांनी दोन पानं लिहिली होती. अक्षर जागोजागी हललेलं, कारण लिहिलं होतं लोकलमध्ये, चौथ्या सीटवर अर्धं बसून. त्यांनी पुढचा भाग लिहिला नव्हता. त्यांनी पूर्वकथा लिहिली होती : ती छत्री कोण विसरलं, आणि का.

एक माणूस असतो. त्याला ऑफिसातून निघायला उशीर होतो. गाडी डोंबिवलीत शिरते तेव्हा तो घड्याळात बघतो. पळत सुटलो तर मुलगा अजून जागा सापडेल, असं त्याच्या मनात येतं. गाडी थांबायच्या आधीच तो दारात जाऊन उभा राहतो. छत्री रॅकवरच राहते. बाहेर धो धो पाऊस. तो भिजत भिजत घरी पोचतो. मुलगा झोपलेला असतो.

एवढीच गोष्ट. मी ती शिक्षकांच्या खोलीत वाचली आणि थोडा वेळ तशीच बसून राहिले. इतके दिवस तो मुलगा त्या माणसाला 'विसराळू' समजत होता. आता तो वर्गात सांगतो, "बाई, तो विसराळू नव्हता, घाईत होता." कॅप्टन निमोचं जे झालं, तेच इथे झालं की नाही? छत्री तीच, गाडी तीच, पण गोष्ट वेगळी दिसायला लागली.

ती वही अजून डब्याच्या पिशवीतून ये-जा करतेय. मी आता तिच्यावर लाल पेन चालवत नाही, पेन्सिलीने फक्त 'वाचलं' लिहिते.

तर दोस्तांनो, पार्ट टू येणार की नाही, याची वाट किती दिवस बघणार? सिनेमा काढायचा, पुस्तक छापायचं, तर परवानगी लागते बरं का. लेखक गेल्यावरही आपल्या देशात ६० वर्षं त्याच्या लेखनाचे हक्क राखलेले असतात. पण तुमच्या वहीत तुम्हाला कोण अडवणार? आजीने अर्धी सोडलेली, मामाने 'बाकीची उद्या' म्हणून टाळलेली, बाबांची गाडीला उशीर झाल्यामुळे अडकून पडलेली अशी एखादी गोष्ट तुमच्याही घरात असेल. तिचा पुढचा भाग लिहा, नाहीतर आधीचा लिहा. आणि ज्याची ती गोष्ट आहे, त्याला वाचायला द्या. मग जे उत्तर येईल, ते मला नक्की कळवा. पहिला भागही थोडक्यात सांगा हं, म्हणजे माझी पुन्हा फजिती व्हायला नको!

छत्री माथेरानला पोचली का, म्हणता? अजून मावशी दस्तुरीच्या चढावर आहे. आणि पाऊस सुरू झालाय.

क्रमशः!

तुमच्या,
बाई